तीन तड्यांचा परळ

एका राज्यात मोडलेले काही जुळत नसे. फुटल्या भिंतीला चुना धरत नसे, फाटल्या लुगड्याला टाका धरत नसे, तुटला धागा विणकराच्या बोटांतून निसटून जाई. नवे घर बांधता येई, नवे कापड विणता येई. पण एकदा तडा गेला की गेला. माणसाच्या हाडाचेही तसेच. म्हणून तिथली माणसे जपून पावले टाकीत, आया लेकरांना झाडावर चढू देत नसत, आणि दोन भावांत वाकडे आले की वडीलधारी माणसे आधी डोळ्यांना पदर लावीत, कारण ते पुन्हा सरळ व्हायचे नाही हे त्यांना ठाऊक असे. असे तीन वर्षे चालले होते.

त्या राज्यात सगुणा नावाची हाडवैद्यीण राहत होती. तिचा बाप विसोबा हाही हाडवैद्य. अर्ध्या राज्याचे हातपाय त्याने बसवले होते. सहा महिन्यांमागे तो नदीच्या पायरीवर शेवाळावरून घसरला आणि त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. त्यात दोष कुणाचाच नव्हता. सगुणाने बांबूच्या कामट्या बांधल्या, हाडसांधीचा लेप लावला, रोज सोडून पाहिले, रोज पुन्हा बांधले. हाड होते तसेच. म्हातारा कण्हत नसे. भिंतीकडे तोंड करून पडून राही. जो माणूस दुसऱ्याला धीर देण्यात आयुष्यभर पटाईत, त्याचे ते गप्प पडणे सगुणाला सोसत नसे.

राज्याचा राजा धवलकेतू. तो दुष्ट नव्हता. मोडतोडीची फिर्याद आली की तो मोडणाऱ्याला शोधून काढी आणि फटके देई, कोठडीत टाकी, नाही तर सीमेपार घालवी. शिक्षा झाली की न्याय झाला, असे राजा म्हणे, त्याचा प्रधान म्हणे, आणि ऐकून ऐकून प्रजाही म्हणू लागली होती. ज्याचे मोडले, त्याला कुणी काही विचारीत नसे. राज्याला हा रोग जडला तशा राजाने शिक्षा आणखी कडक केल्या. कोठड्या भरल्या, पण एकही सांधा जुळला नाही.

सगुणाच्या घरामागे एक जुना वड होता आणि त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याचे बिऱ्हाड होते. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत शिरते, दार चिखलाने लिंपून घेते आणि बोटभर फट ठेवते; नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. त्या वर्षी गारपिटीत नराचा पंख मोडला. तो खाली पडला, आणि वर ढोलीत मादी उपाशी राहिली. सगुणाने त्याचा पंख बांधला. जुळणार नाही हे ठाऊक असून बांधला. मग शिडी लावून, उंबरे ओच्यात घेऊन, ती रोज दोन वेळा वडावर चढे आणि फटीतून मादीला भरवी. शेजारणी खाली उभ्या राहून सांगत, पडलीस तर जन्माची पडशील. ती ऐके आणि चढे.

पिले बाहेर आली त्या दिवशी धनेश बोलला. धनेशांना माणसाची वाणी आहे हे तिथे सर्वांना माहीत होते. पण धनेश खोटे बोलला की त्याच्या चोचीवरचे शिंग जड होते आणि मान वर होत नाही, म्हणून ते पक्षी फार थोडे बोलत. हा म्हणाला, की बाई, हा रोग नव्हे, शाप आहे. तो दिला गेला तेव्हा मी वेशीच्या छपरावर बसलो होतो.

मग त्याने जे पाहिले ते सांगितले. राजधानीत गिरजा नावाची कुंभारीण होती. तिची मडकी ऐकलेले विसरत नसत. मडक्याच्या तोंडाशी गावे, झाकण घालावे, आणि वर्षाने झाकण काढले की गाणे जसेच्या तसे बाहेर येई. तिची लेक नवव्या वर्षी तापाने गेली होती; तिची एक ओवी तेवढी एका मडक्यात उरली होती. तीन वर्षांमागे राजाची मिरवणूक कुंभारवाड्यातून निघाली. हत्ती बिथरला. गिरजाचे घर पडले, भट्टी पडली, ते मडके फुटले. राजाने माहुताला फटके मारवून सीमेपार घालवले. गिरजा दरबारात गेली आणि म्हणाली, की माझ्या घराचे काय? प्रधानाने सांगितले, की अपराध्याला शिक्षा झाली, न्याय झाला, आणखी काय हवे? ती बाहेर आली आणि वेशीवर उभी राहून रडत रडत म्हणाली, "माझे मोडलेले कुणाला दिसले नाही. आता या राज्यात मोडेल ते मोडलेलेच राहो." ती उत्तरेला पांढऱ्या मातीच्या डोंगरावर निघून गेली.

सगुणाने बापाला शेजारणीच्या हवाली केले, धनेशाला पाटीत बसवले, पाटी डोक्यावर घेतली आणि उत्तरेची वाट धरली. सात घळी ओलांडल्यावर पांढरा डोंगर आला. माथ्यावर गिरजा चाक फिरवीत बसली होती. तिच्याभोवती शेकडो मडकी मांडलेली होती, पण एकाही मडक्यावर झाकण नव्हते.

सगुणा म्हणाली, "माय, शाप मागे घे. माझ्या बापाने तुझे काही मोडलेले नाही."

गिरजाचे चाक थांबले. "तोंडून गेलेला शाप तोंडाने परत येत नाही. आला असता, तर पहिल्याच वर्षी घेतला असता. पोरांची मोडलेली हाडे मलाही दिसतात." तिने फडताळातून एक मातीचा परळ, म्हणजे पसरट थाळी, काढला. त्याला आरपार तीन तडे होते. "तीन ठिकाणी जा. ज्याने मोडले, त्याच्याच हाताने जोडून घे. बळजबरी करू नकोस. त्याला पटले पाहिजे. खरे जोडले गेले की एक तडा बुजेल. तिन्ही बुजले की शाप सरेल."

"कुठे जाऊ?"

"दोन ठिकाणे वाटेत भेटतील. तिसरे कोणते, ते तुझ्या पक्ष्याने सांगितलेच आहे."

सगुणा उतरणीला लागली. दोन दिवसांनी एक गाव लागले. तिथे हैबती नावाच्या माणसाने चुनखडीसाठी बाजाराच्या वाटेलगत खड्डा खणला होता. पावसाने तो तुडुंब भरला, वाट आणि पाणी एक दिसू लागले, आणि ठमा बुरडीण टोपल्यांचा भारा घेऊन त्यात पडली. तिच्या पायाची नळी मोडली. राजाच्या शिपायांनी हैबतीला पंचवीस फटके मारले होते, आणि ठमा दोन महिने खाटेवर होती. सगुणाने गोष्ट काढली तसा हैबती उखडला. मी तिला ढकलले नाही, माझे तिचे वैर नाही, आणि फटके खाल्ले ते पाठीवर अजून आहेत, असे तो म्हणाला. सगुणाने आधी त्याच्या पाठीला औषध लावले. मग विचारले, "त्या वाटेने लोक जातात हे तुला माहीत होते?"

"बाजाराची वाट आहे. सगळा गाव जातो."

"खड्डा भरला की दिसत नाही, हेही?"

"होते."

"चार काट्या रोवून दोरी बांधायला किती वेळ लागला असता?"

अर्धी घटकासुद्धा लागली नसती, असे हैबती पुटपुटला.

"तुझ्या मनात वैर नव्हते, हे खरे," सगुणा म्हणाली. "पण तुझ्या ध्यानात ती नव्हती, हेही खरे. ज्या वाटेने माणसे जातात तिथे खणताना त्यांना ध्यानात धरावे लागते. तेवढेच तू केले नाहीस, म्हणून तिचा पाय मोडला."

मी आता काय करू, असे हैबतीने विचारले. सगुणा म्हणाली की ते मला नको, तिला विचार. फटके मारणाऱ्यांनी दोन महिन्यांत एकदाही ठमाला काही विचारले नव्हते. हैबतीने जाऊन विचारले. मग ती म्हणाली, की बांबू कोण तोडील आणि टोपल्या बाजारात कोण नेईल याच्या काळजीने मला झोप नाही. हैबतीने त्याच दिवशी खड्ड्याला कुंपण घातले, बांबू तोडून आणले, तिच्या टोपल्या स्वतः डोक्यावरून बाजारात पोचवल्या. तिसऱ्या दिवशी सगुणाने ठमाचा पाय बसवायला घेतला आणि हैबतीला टाच धरायला सांगितली. त्याने धरली. हाड खुट्ट करून बसले, आणि बसलेलेच राहिले. तीन वर्षांत सगुणाने तो आवाज ऐकला नव्हता. परळाचा एक तडा बुजला.

पुढे एक दगडी दरी लागली. तिथे काळहस्त नावाचा मांत्रिक राहत होता. त्याने परमुलखातून एक अग्निसर्प आणला होता आणि त्याच्या फुत्कारावर तो आपली भट्टी पेटवी. वर्षामागे एके दुपारी सर्प दारे वितळवून बाहेर पडला आणि शेजारी रघोत्तमाची आमराई जाळून गेला. ती आमराई रघोत्तमाच्या आजाने लावली होती. बुंधे काळे ठिक्कर उभे होते. राजाच्या शिपायांनी चौकशी केली, मांत्रिकाचा काही कसूर आढळला नाही, म्हणून शिक्षा झाली नाही. आणि शिक्षा नाही म्हणून रघोत्तमाला कुणी काही द्यायचेही उरले नाही.

काळहस्ताने सर्प परत धरून गुहेला पूर्वीसारखीच नवी दारे घातली होती; ती गुहा त्याने सगुणाला दाखवली. एकामागे एक सात दारे होती, प्रत्येक वीतभर जाडीच्या पोलादाचे. पहारा होता, मंत्र होते, पाण्याचा खंदकही होता. सगुणाने एकेक दार तपासले. धनेशानेही चोच आपटून पाहिले. निष्काळजीपणाची एक फट सापडेना. याहून जास्त काळजी कुणाला घेता आली नसती. ती आमराईत येऊन एका जळक्या बुंध्याशी बसली. पहिल्या ठिकाणचे शब्द इथे चालणार नव्हते, आणि दुसरे तिच्याजवळ नव्हते. ऊन कलले तरी ती तिथेच बसून होती. मग उठली आणि पुन्हा मांत्रिकाकडे गेली.

"सर्प या दरीतला आहे काय?"

"नाही. सात डोंगरांपलीकडून मी आणला."

"कशासाठी?"

"माझ्या भट्टीसाठी."

"रघोत्तमाला त्याचा काही उपयोग?"

"काही नाही."

"मग ऊब तुमची आणि राख त्याची, हे कसे?"

काळहस्ताचा चेहरा ताठ झाला. तो म्हणाला, "मी भरून दिले, तर लोक म्हणतील याचीच चूक होती. माझी चूक नव्हती."

तेव्हा सगुणाला कळले की हा माणूस वर्षभर कशाला भीत होता. ती म्हणाली, "चूक तुमची नव्हती. मी रघोत्तमासमोर आणि चार गावांसमोर तसे सांगेन. पण असली जळती वस्तू जो आपल्या सोयीसाठी दाराशी आणतो, ती सुटली तर तिचे केलेले त्याने सोसायचे. चूक असो वा नसो. सर्प तुमचा आहे."

तिने खरोखरच चारचौघांत तसे सांगितले. मांत्रिकाच्या खांद्यांवरचे ओझे उतरलेले सर्वांना दिसले. तो स्वतः आमराईत आला, एकेका बुंध्यावर कोवळ्या फांदीच्या डोळ्यांचे कलम बांधू लागला, आणि जो मंत्र त्याने सर्पासाठी वापरला होता तोच झाडांच्या मुळांशी म्हणू लागला. सातव्या दिवशी काळ्या बुंध्यांवर तांबूस पालवी फुटली. सर्पाला त्याने जिथून आणला तिथे नेऊन सोडले. परळाचा दुसरा तडा बुजला.

आता तिसरे ठिकाण. सगुणा राजधानीत पोचली तेव्हा दरबार भरला होता. सिंहासनावरची दगडी कमान मधोमध तडकली होती आणि तिला वाशांचे टेकू दिले होते. कमानीवर अक्षरे कोरलेली होती: राजाच्या हातून चूक घडत नाही.

सगुणाने नमस्कार करून गिरजाची फिर्याद मांडली. माहुताला शिक्षा झाली आहे, असे प्रधान म्हणाला. त्यावर सगुणाने पाटी खाली ठेवली, आणि धनेश मान वर करून बोलला.

"हत्ती मदात होता. त्याच्या कानशिलावरून मद गळत होता. माहुताने राजाला तीनदा विनवले, की आज याला बाहेर काढू नये. तिन्ही वेळा राजा म्हणाला, काढ. मी पाहिले, मी ऐकले."

सारा दरबार पक्ष्याच्या शिंगाकडे पाहत राहिला. शिंग जड झाले नाही. धनेशाची मान ताठच होती.

राजा धवलकेतूचा चेहरा उतरला. तो विसरला नव्हता. त्या दिवशी परदेशचे पाहुणे आले होते, आणि मिरवणूक थांबली तर ते हसतील एवढेच त्याच्या मनात होते. तो हळूच म्हणाला, की अंकुश माझ्या हातात नव्हता. सगुणा म्हणाली, "अंकुश माहुताच्या हातात होता, महाराज. हत्ती तुमचा, मिरवणूक तुमची आणि हुकूम तुमचा. चाकर धन्याच्या कामावर असताना त्याच्या हातून मोडले, तर ते धन्याच्याच हातून मोडले. इथे तर चाकर नको म्हणत होता."

मग राजाने एक गोष्ट सांगितली, आणि तीही खरी होती. "तिची भट्टी रस्त्यावर पुढे आली होती. दोन हात. ती मागे असती तर हत्तीला वळायला जागा मिळती."

"हे मी तिलाच विचारते," सगुणा म्हणाली.

विचारायला डोंगर गाठावा लागला नाही. दुसरा तडा बुजला तेव्हाच गिरजाला हाताखालच्या चाकात ते जाणवले होते, आणि ती निघाली होती. दरबाराच्या दारात ती पांढऱ्या मातीने माखलेल्या पायांनी उभी होती. प्रधानाने तिला ओळखले नाही, राजाने ओळखले.

"भट्टी पुढे होती काय, माय?" सगुणाने विचारले.

"होती," गिरजा म्हणाली. "दोन हात. सरपणाला जागा नव्हती म्हणून."

"मग ते दोन हात तुझे, माय. बाकीचे महाराजांचे."

गिरजाने मान हलवली. तिच्याशी कुणी असे मोजून, खरे बोलले, ते तीन वर्षांत पहिल्यांदा.

राजा सिंहासनावरून उतरला. त्याने आधी स्वार धाडून माहुताला सीमेपलीकडून परत बोलावले आणि भर दरबारात त्याचे हात हातात घेतले. मग तो कुंभारवाड्यात गेला, मुकुट काढून ओट्यावर ठेवला आणि चिखलात उतरला. त्याला माती तुडवता येत नव्हती. माहुताने आणि कुंभारांनी शिकवले. भिंती त्याने उभ्या केल्या, आणि पुढचे दोन हात सोडून भट्टीही रचली. ते दोन हात गिरजाने स्वतः रस्त्यापासून मागे घेऊन रचले. चिखल धरला. एकही वीट निसटली नाही. लोक छपरांवर चढून पाहत होते आणि कुणी त्यांना उतरा म्हणत नव्हते.

शेवटी उरले ते मडके. त्याच्या खापऱ्या गिरजाने तीन वर्षे पदरात बांधून ठेवल्या होत्या. राजाने एकेक खापरी उचलली, कडेला कडा लावली. मडके जुळले. गिरजाने कान लावला. मडक्यातून काही आले नाही.

"गाणे?" राजाने विचारले.

"ते फुटले तेव्हाच गेले."

राजा चिखलातच बसला. "ते मला परत देता येत नाही," तो म्हणाला. "ते माझ्या हुकुमाने गेले, आणि मला देता येत नाही."

गिरजाने मडके मांडीवर घेतले. ती रडली, पण ते रडणे वेशीवरच्या रडण्यासारखे नव्हते. ती म्हणाली, "घर गेले हे साऱ्यांना दिसत होते. ओवी गेली हे आज पहिल्यांदा कुणी म्हणाले. ऊठ, राजा. तुझ्या हातून होण्यासारखे होते तेवढे तू केलेस."

सगुणाच्या हातातला परळ अखंड झाला. त्याच क्षणी राज्यभर तुटले धागे मागावर जुळू लागले, गवंड्यांच्या थापीखाली चुना धरू लागला, आणि पाटीत बसलेल्या धनेशाने पंख पसरून पाहिला, दोनदा फडफडवला आणि सगुणाला न विचारता वडाच्या दिशेने उडून गेला. पुढे राजाने कमान दुरुस्त करवली तेव्हा तिच्यावरची अक्षरे घासून टाकली. त्या दिवसापासून दरबारात आधी ज्याचे मोडले त्याला पुढे बोलावून विचारीत, की बाबा, तुझे काय मोडले? आणि मग मोडणाऱ्याकडे वळत.

सगुणा मात्र हे पाहायला थांबली नाही. ती घराकडे निघाली. आधी चालत, मग भरभर, मग धावत. दाराशी पोचली. विसोबा खाटेवर उठून बसला होता, तोंड दाराकडे, आणि चेहरा वैतागलेला.

"कुठे होतीस पोरी?" तो म्हणाला. "या कामट्या सैल कर. कालपासून आत अशी खाज सुटली आहे की जीव जातोय."

हाड जुळू लागले की खाज सुटते, हे त्यानेच तिला ती लहान असताना शिकवले होते. सगुणा उंबऱ्यातच बसली आणि हसू लागली. म्हातारा आधी रागावला, मग त्याच्याही ध्यानात आले. त्याने आपल्या हाताकडे पाहिले, हळूच बोटे हलवली, आणि हात मोडल्यापासून पहिल्यांदा लेकीला म्हणाला की भूक लागली आहे, काही असेल ते वाढ.

जसे त्या राज्यातले जुळले, तसे ऐकणाऱ्याचेही जुळो.